वळणावर विझणारा दिवा

बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या घराच्या गॅलरीतून रस्त्याचा एक तुकडाच दिसायचा. बिल्डिंगच्या गेटपासून पुढच्या वळणापर्यंत. मध्ये एक पिठाची गिरणी, एक अर्धवट बांधून सोडलेली इमारत, आणि वळणावर विजेचा खांब, ज्याच्यावरचा दिवा मी कधी पेटलेला पाहिला नाही. नवरा रात्रपाळीला निघाला की मी गॅलरीत उभी राहायचे आणि त्याच्या मोटारसायकलचा लाल दिवा वळणापर्यंत डोळ्यांनी पोहोचवून यायचे. दिवा डावीकडे वळून इमारतीमागे गेला की मग मी स्वयंपाकघरात. मिनिटभराचं काम, पण ते झाल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

नवरा म्हणजे 'हे'. नाव घ्यायची सवय तेव्हाही नव्हती आणि आता लिहितानाही लागेल असं वाटत नाही.

मी भित्री आहे. कुकरची शिट्टी अडली की मी दुसऱ्या खोलीत जाऊन दाराआडून बघते. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण माहेरी जणू माझ्यासाठीच राखून ठेवली होती. लग्न होऊन बदलापूरला आले तेव्हा निदान नव्या माणसांना हे लवकर कळू नये अशी माझी इच्छा होती. सासऱ्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आणि त्यातल्या दोघांना चिडवायला एक मी.

हे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. स्टेशनपासून कंपनी लांब, म्हणून जायचं-यायचं मोटारसायकलवर. त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं. दिवेलागणीच्या वेळेलाच नेमके दिवे जायचे, आणि ह्यांची निघायची वेळ तीच. अख्ख्या रस्त्यावर काळोख, त्यात खडीचे डंपर आणि भरधाव टेम्पो. कंपनीच्या गेटवर पोहोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा, असा आमचा करार होता. आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे नवस बोलायची सोय नव्हती. मी आपली फोनकडे बघत बसे.

गाडी जुनी होती आणि पुराच्या वर्षी बिल्डिंगखालीच पाण्यात बुडालेली. इंजिन उघडून, वाळवून ते चालू झालं, पण पत्र्याला लागलेला गंज गेला नाही. मागच्या दिव्याची काच फुटली होती, ती टेपने चिकटवलेली. इंडिकेटर तर चारही मोडले होते. वळायचं झालं की हे हात बाहेर काढत. काळोखात कुणाला दिसणार होता तो हात? मी मागे लागले. नवे दिवे बसवा, नाहीतर मी जेवणार नाही. खरं तर मी जेवले असते, पण तेवढं ताणून धरलं.

"बसवू गं," हे म्हणाले. "तुझ्यासाठी मागे दिव्यांची माळ लावतो. लग्नाच्या वरातीसारखी."

दिवे आणायला आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. गाड्यांच्या सामानाच्या दुकानांची तिथे एक ओळच आहे. एका वयस्क सिंधी दुकानदाराने मागच्या दिव्याचा आणि इंडिकेटरचा सेट काढून काचेवर ठेवला. लाल काच, पिवळ्या काचा, सगळं झगझगीत. कुठल्या कंपनीचा ते लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा विचारलं, टिकेल ना?

"माल एकदम बराबर है, भाभी," तो म्हणाला. मग त्याने दिव्याच्या मागच्या बोल्टवर नखाने टिकटिक केलं आणि ह्यांना म्हणाला, "बस, अर्थ देख के लगाना, साईं. इसका अर्थ बॉडी से है."

मी घरी पाचवी-सहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. माझ्या लेखी अर्थ म्हणजे वहीत शब्दासमोर उजवीकडे लिहायचा तो. दिव्याचा कसला अर्थ, म्हणून मला हसू आलं. हे "हां हां, समजलं" म्हणाले. त्यांचं लक्ष समोरच्या दुकानातल्या आरशांकडे होतं.

आता बाबांबद्दल. बाबा म्हणजे माझे सासरे. अंबरनाथच्या सरकारी फॅक्टरीत त्यांनी सगळी नोकरी रंगखात्यात काढली. रिटायर झाले, पण हात थांबला नाही. खिडक्यांच्या ग्रिल, टाकीचं झाकण, सिलिंडरची ट्रॉली, जे जे लोखंडी दिसेल ते ते त्यांनी रंगवलं. जयंतीच्या आधी दरवर्षी विहाराचं गेट तेच रंगवत आणि उरलेला निळा रंग घरी आणत. एकदा पाहुण्यांसमोर चहा नेला तर माझा ट्रे खालून निळा निघाला. गंजावर त्यांचा राग असा, जसा दुसऱ्या कुणाचा भाऊबंदांवर असतो.

"लोखंडाला उघडं ठेवू नये, पोरी," ते म्हणत. "उघडं ठेवलं की संपलं."

दिवे आणले त्या आठवड्यात बाबांनी गाडीचं मागचं मडगार्ड सोडवून घेतलं. गंज घासून काढला, प्रायमर मारला, वर निळ्या रंगाचे दोन हात. आतून, बाहेरून. बोल्टची भोकंसुद्धा बारीक ब्रशने कडेकडेने रंगवली, कारण गंज तिथूनच शिरतो. जुन्या ट्यूबचे रबरी वायसर कापून बोल्टखाली घातले, म्हणजे रंग खरवडायला नको आणि मडगार्ड वाजायलाही नको. इतकं निगुतीचं काम मी शिवणाऱ्या बाईचंही पाहिलेलं नाही.

रविवारी बिल्डिंगखाली दिवे बसले. हे मांडी घालून दाताने वायरी सोलत होते आणि पीळ देऊन काळी टेप गुंडाळत होते. बाबा मागे उभे. त्यांचा गुडघा दुखायचा, म्हणून ते कुठेही उभे राहिले की कशाला तरी हात टेकत. इथे त्यांचा हात मडगार्डवर होता. ह्यांनी सीटवर बसून एकेक दिवा लावून बघायचा आणि बाबांनी मागून सांगायचं.

"ब्रेक!"

"लागला!"

"डावा!"

"लागला!"

"उजवा!"

"लागला, लागला. आता खाली उतर, आणि सूनबाईला म्हणावं, जेव."

मी खरंच पोटभर जेवले. कितीतरी महिन्यांनी मला वाटलं की आता ठीक आहे, आता मागून येणाऱ्याला माझं माणूस दिसेल.

सोमवारी संध्याकाळी हे निघाले. लोडशेडिंग होतंच. मी गॅलरीत गेले. नवा लाल दिवा गेटबाहेर पडला, गिरणीवरून गेला. मला तो जरा मंद वाटला, पण म्हटलं असेल. वळणावर एक मोठा खड्डा होता, तिथे सगळेच ब्रेक मारायचे. दिवा खड्ड्यापाशी पोहोचला आणि विझला. वळला नाही. जागच्या जागी विझला.

हे पडले, असंच पहिलं मनात आलं. पडले असते तर आवाज आला असता, हे नंतर. आवाज नव्हता, म्हणजे काहीतरी त्याहून वाईट असेल, हे त्याच्याही नंतर. बाबा आत रेडिओ कानाशी धरून बसले होते. त्यांना न सांगता मी अनवाणी जिना उतरले आणि धावत वळणापर्यंत गेले. तिथे काही नव्हतं. खड्डा होता आणि गिरणीवाला शटर ओढत होता.

"काय झालं वहिनी? कोण पडलं काय?" त्याने विचारलं.

"पडलं का कोणी?" मी उलट त्यालाच विचारलं.

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. मी परत आले, फोन मांडीवर घेऊन बसले. मिस्ड कॉल आला तेव्हा मला रडू फुटलं, आणि बाबा म्हणाले, "आता कोण मेलं?"

सकाळी हे आल्या आल्या मी सांगितलं, ब्रेक मारला की दिवा विझतो.

"अगं, ब्रेक मारला की दिवा मोठा होतो. विझेल कसा? उलटं बघतेस तू."

"मी डोळ्यांनी बघितलं."

"डोळ्यांनी नाही, भीतीने बघितलंस."

तरी माझ्या समाधानासाठी दोघं खाली उतरले. हे सीटवर, बाबा मागे. ब्रेक? लागला. परत? लागला. बाबांनी वर गॅलरीकडे बघून दोन्ही भुवया उडवल्या. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय," ते म्हणाले आणि इतके मनापासून हसले की तळमजल्याची बाई खिडकीत आली. मला माझ्याच डोळ्यांची शंका यायला लागली.

संध्याकाळी दिवा वळणावर परत विझला. दुसऱ्या दिवशीही. रोज रात्री मी मिस्ड कॉलपर्यंत श्वास धरून बसायचे आणि रोज सकाळी बोलायचे. रोज ते तपासायचे आणि रोज दिवा लख्ख लागायचा. बोलून बोलून माझी किंमत गेली. हे एकदा गमतीने म्हणाले, ब्रेक मारला की पुढचे पिवळे दिवेसुद्धा जरासे उजळतात, उल्हासनगरचा माल टू-इन-वन आहे. मालाचाच दोष असणार, असं मग त्यांनी ठरवलं. तिथलं सामान म्हटलं की आमच्याकडे लोक आधीच नाक मुरडतात. हे जाऊन नवा बल्ब घेऊन आले.

"म्हातारा काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"तेच आपलं. अर्थ चेक किया क्या, अर्थ चेक किया क्या. त्याच्या बोलण्याला काही अर्थ आहे का?"

ह्या विनोदावर आम्ही तिघंही हसलो. मीही हसले, आणि त्या संध्याकाळी नवा बल्बसुद्धा वळणावर विझला.

मग ती रात्र आली जेव्हा मिस्ड कॉल वेळेवर आला नाही. उशिरा आला, पण आला. सकाळी हे घरात शिरले ते सरळ मोरीत गेले. मी खाली जाऊन गाडी पाहिली. मागची नंबर प्लेट दुमडून आत गेली होती आणि एका पिवळ्या काचेला तडा होता.

"कंपनीच्या स्टँडवर कुणाची तरी गाडी अंगावर पडली," हे म्हणाले. बशीत बिस्कीट बुडवताना त्यांच्या हातून ते मोडून चहात पडलं. दुसरंही पडलं. मी समोर बसून राहिले. शेवटी तेच बोलले.

"एमआयडीसीच्या वळणावर समोर कुत्रं आलं. मी ब्रेक मारला. मागून टेम्पो. त्याने करकचून दाबला म्हणून निभावलं, जरासाच लागला."

"पुढे?"

"उतरून माझी कॉलर धरली त्याने. म्हणतो, मरना है क्या? लाईट बंद करके ब्रेक मारता है?"

लाईट बंद करून ब्रेक. मी इतके दिवस हेच सांगत होते. माझी भीती खरी निघाली होती, आणि मला त्या क्षणी ती खोटीच हवी होती, भले हे दोघं जन्मभर हसले असते मला. मी उठून बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. बाबा दारात होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हसले नाहीत, पण त्यांना ते पटलंही नव्हतं.

"रोज मी स्वतः बघतोय मागे उभं राहून," ते म्हणाले. "रोज लागतोय दिवा. टेम्पोवाला प्यायला असेल."

आज गाडी न्यायची नाही, रिक्षाने जा, असं मी ह्यांना दिवसभर सांगितलं. पाळी सुटल्यावर तिथून रिक्षा मिळत नाही, असं ते दिवसभर सांगत राहिले. संध्याकाळी ते खाली उतरले तशी मीही उतरले. बाबाही आले, काठी न घेता. दिवे गेले होते, आणि आकाशात थोडासा उजेड शिल्लक होता.

"बस सीटवर," बाबा म्हणाले. "आज हिच्या डोळ्यांसमोर दाखवतो."

हे बसले. बाबांनी मागे जाऊन नेहमीसारखा मडगार्डवर हात टेकला. मी त्यांच्या शेजारी.

"ब्रेक मार!"

लाल दिवा भक्कन मोठा झाला. माझ्या साडीवर, बाबांच्या लेंग्यावर त्याचा रंग पडला. "बघ," बाबा म्हणाले, आणि घसरलेला चष्मा सावरायला त्यांनी तो हात उचलला. दिवा गेला. चष्मा नाकावर बसवून त्यांनी हात परत टेकला. दिवा आला. चष्म्याच्या नादात त्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं.

मला दिसलं.

"बाबा," मी म्हणाले, "हात काढा."

लग्न झाल्यापासून मी त्यांना असं कधी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"कशाला?"

"काढा ना. हात काढा आधी."

त्यांनी हात उचलला. आमच्या दोघांच्या अंगावरचा लाल रंग गेला. कुठेतरी काचेच्या आत एक बारीकशी निखाऱ्याएवढी रेघ राहिली असेल, बस. त्यांनी हात टेकला, उजेड आला. परत उचलला, गेला. ते स्वतःच पुन्हा पुन्हा करत राहिले.

पुढून ह्यांचा आवाज आला, "लागला का?"

ह्यांनी पुन्हा विचारलं, "अहो बाबा, लागला का?"

"रंग," बाबा एवढंच म्हणाले. आणि दुखऱ्या गुडघ्यावर, तिथेच जमिनीवर, खाली बसले.

त्यांनीच मग ह्यांना सांगितलं, आणि मला ते तेव्हा पहिल्यांदा समजलं. दिव्याला वीज वायरीतून येते, पण परत जायची वाट लोखंडातून असते. दिव्यातून मडगार्डला, मडगार्डमधून गाडीच्या सांगाड्याला. तोच तो अर्थ, म्हणजे अर्थिंग. बाबांनी आतून-बाहेरून रंग मारून, रबरी वायसर घालून ती वाट बंद केली होती. मग वीज मिळेल त्या आडवाटेने, पुढच्या पिवळ्या दिव्यांतून चोरट्यासारखी जात होती, आणि ब्रेक मारला की तेवढीही वाट पुरत नव्हती. बाबांच्या हाताच्या दाबाने मडगार्डची, बसवताना खरचटलेली कड सांगाड्याला टेकायची, तेवढ्यापुरता अर्थ मिळायचा. ते हात टेकून उभे असेपर्यंत दिवा लागणारच होता. रस्त्यावर मात्र मागे कुणी हात टेकायला नसे. उल्हासनगरचा म्हातारा दोनदा सांगून थकला आणि आम्ही त्याच्यावर विनोद केले.

मी मेणबत्ती धरली. ह्यांनी बोल्ट सैल केले. बाबांनी वायसर काढून फेकले आणि पॉलिश पेपर घेऊन बोल्टाभोवतीचा रंग घासायला बसले. ह्यांनी कागद मागितला, तो त्यांनी दिला नाही. निळा गेला, खालचा प्रायमर गेला, मग रुपयाएवढं पांढरं, उघडं लोखंड दिसायला लागलं. आयुष्यात लोखंड उघडं ठेवलं नाही त्या माणसाने. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नाकाच्या शेंड्यावरून घाम त्या लोखंडावर पडत होता, तो ते लगेच बाहीने पुसत होते.

हे उशिरा निघाले. मी गॅलरीत धावले. दिवा गिरणीवरून गेला, खड्ड्यापाशी पोहोचला, आणि असा फुलला की अर्धवट इमारतीची भिंत लाल झाली. मग डावीकडे पिवळा लुकलुकला आणि गेला. मी कठडा सोडून मागे वळले तर बाबा उभे. दोन जिने चढून कधी आले कळलंच नाही.

"मी रोज हात टेकत होतो, पोरी," ते म्हणाले. "आणि वर तुला हसत होतो."

मी काहीतरी म्हणाले, तुम्हाला काय माहीत वगैरे. ते ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा मी ओळखला. तो माझ्याच चेहऱ्यासारखा झाला होता.

त्यानंतर ब्रह्मराक्षसाची म्हण आमच्या घरात कुणी उच्चारली नाही. दर रविवारी बाबा पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन खाली उतरत आणि तो रुपयाएवढा उघडा भाग घासत, कारण त्याच्यावर गंज धरे. ह्यांनी सांगून पाहिलं की एक वायर जोडून टाकतो, मग घासायला नको. वायर जोडली. बाबांनी घासणं सोडलं नाही. संध्याकाळी ते माझ्याबरोबर गॅलरीत उभे राहू लागले. गुडघ्यामुळे कठड्याला हात टेकून उभे राहत. पण दिवा वळणाजवळ गेला की ते हात कठड्यावरून उचलून अधांतरी धरत, आणि तो वळून जाईपर्यंत तसेच, थोडे डुगडुगत उभे राहत.

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन पुढे ढकलत राहिले. दिवा त्यांना गिरणीच्या पुढे दिसेनासा झाला, तरी ते उभे राहत, हात उचलत आणि विचारत, "लागला?"

"लागला, बाबा."

एकदा गिरणीसमोर धान्याचा ट्रक आडवा लागला होता. हे त्याच्या बाजूने निघून गेले आणि वळण मला दिसलंच नाही. बाबांचा हात कठड्याच्या वर अधांतरी होता.

"लागला?"

"लागला," मी म्हणाले.

त्यांनी हात खाली टेकला. मग आम्ही दोघं आत येऊन फोनसमोर बसलो, आणि तो एकदा वाजून बंद होईपर्यंत चहाला कुणी हात लावला नाही.